न मागितलेला रोट

साडीचे धागे कापायचं काम एकटीचं नव्हे. बुट्ट्या काढलेली साडी उलटी केली की मागच्या बाजूला एका बुट्टीपासून दुसरीपर्यंत सुटे धागे लोंबत असतात. ते कातरीने उडवायचे. दोघींनी समोरासमोर बसून साडी गुडघ्यांमध्ये ताणून धरली तरच कातर धाग्यावर चालते. साडी ढिली पडली की कापडाला भोक, आणि भोक पडलं की शेठच्या माणसाची बोलणी. म्हणून सुरतेतल्या गोडादऱ्याच्या त्या गल्लीत घरोघर बायकांच्या जोड्या ठरलेल्या असत. नवरा-बायकोचं एक वेळ बिनसेल, पण धागा कापणाऱ्या दोघींचं सहसा बिनसत नसे, कारण दोघींच्याही हातात कातर असायची.

धनश्री आणि नीलम ही त्यातली सगळ्यात वटवटी जोडी. दोघी महानगरपालिकेच्या मराठी शाळेत नववीत, एकाच बाकावर. शाळा सुटली की दप्तर टाकायचं, पुष्पाबाईंनी काढून ठेवलेला साड्यांचा गठ्ठा ओट्यावर ओढायचा आणि अंधार पडेस्तोवर कातर आणि तोंड दोन्ही चालू ठेवायचं. पुष्पाबाई म्हणजे धनश्रीची आई. वडील धुडकू पाटील पलसाण्याच्या एका रंगाई कारखान्यात होते, त्यांच्या नखांत कधी निळा तर कधी राणी रंग असायचा. नीलमचे वडील बाजीराव सचिनच्या औद्योगिक वसाहतीत कामाला होते. त्यांचं घर दोन गल्ल्या सोडून, जिथे बौद्धांची आठ-दहा घरं एकत्र होती.

मैत्री जुळली ती प्लेगच्या वर्षी. अर्धी सुरत जीव मुठीत धरून गावाकडे पळाली, तेव्हा भुसावळच्या गाडीत ही दोन कुटुंबं एका बाकड्यावर चेंगरून बसली होती. पुष्पाबाईंनी घाईत डबाच घेतला नव्हता. नीलमच्या आईने, शकूबाईंनी, भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी पुढे केली आणि पुष्पाबाईंनी ती मुकाट्याने खाल्ली. प्रवासात सगळं चालतं, असं नंतर त्याच म्हणाल्या. प्रवास संपल्यावर काय चालत नाही, हे विचारायचं तेव्हा धनश्रीचं वय नव्हतं.

वय झालं तरी तिच्या डोक्यात तो प्रश्न आला नाही, ही खरी गोष्ट आहे. नीलम रोज येई आणि रोज ओट्यावर बसे. बाहेर उजेड असतो, वारा असतो, साडी पसरायला जागा असते. कारणं सगळी खरी होती. खरी कारणं असली की माणूस त्यांच्यामागे काय आहे ते बघायला जात नाही.

ते बघितलं शोभाने. शोभा शेजारची, त्यांच्याच जातीची पण वेगळ्या कुळाची, आणि जिभेला हाड नसलेली. श्रावण लागला त्या आठवड्यात ती ओट्यावर उभी राहून केस विंचरत होती. नीलम नुकतीच घरी गेली होती.

"ती तुझी नीलम कधी आत नाही येत ने?" शोभा सुरती वळणाने म्हणाली.

"आत अंधार असतो. धागे दिसत नाहीत."

"धागे नसले तेव्हा पण नाही येत." शोभा हसली आणि कंगव्यातले केस काढत आपल्या घरात निघून गेली.

धनश्रीला ते लागलं. खोटं असतं तर लागलं नसतं. तिने एकेक दिवस आठवून पाहिला. पाऊस आला तेव्हा नीलम ओट्याच्या कोपऱ्यात पत्र्याखाली सरकून उभी राहिली होती. तहान लागली की ती "आलेच" म्हणून दोन गल्ल्या पार करून घरी जाऊन पाणी पिऊन यायची. आणि धनश्रीने कधी "आत ये" म्हटलंच नव्हतं. आईने मनाई केली होती का? तीही नाही. घराने न बोलताच सगळं शिकवलं होतं आणि ती न विचारताच शिकली होती. तिला स्वतःचीच भयंकर चीड आली. पंधराव्या वर्षी चीड आली की माणसाला काहीतरी मोठं करून दाखवावंसं वाटतं, आणि ते लगेच.

नेमकी त्याच आठवड्यात कानबाई आली. खानदेशातून सुरतेला आलेल्या माणसाने गाव सोडलं, शेत सोडलं, पण कानबाई काही सोडली नाही. श्रावणातल्या रविवारी नारळाची देवी नथ घालून, पातळ नेसून पाटावर बसते, रात्रभर गाणी होतात, सोमवारी वाजतगाजत बोळवण होते. आणि रोट होतात. घरातल्या दर पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घ्यायचे, ते घरीच दळायचे, त्याचे जाड रोट करायचे आणि खायचे फक्त भाऊबंदांनी. शेजाऱ्याला नाही, पाहुण्याला नाही, सासरी गेलेल्या लेकीलाही नाही. चुरा खाली सांडायचा नाही. पोरींच्या नावाने गहू नसतात, पण लग्न होईपर्यंत त्यांना खायला मिळतं, एवढी दया कानबाईने ठेवली आहे.

मागच्या वर्षी या नियमाची एक गंमत झाली होती. शोभा न सांगता स्वयंपाकघरात आली, ताटातला तुकडा तोंडात टाकला आणि मग तिला कळलं तो रोट होता. तिने जीभ चावली. पुष्पाबाई पोट धरून हसल्या.

"आते तू आमनीच व्हयनी," त्या घरच्या अहिराणीत म्हणाल्या. "आमना वाल्मिकले करी लेसूत तुले."

धनश्रीचा मोठा भाऊ वाल्मिक लाजून बाहेर पळाला. त्यावर पुढे महिनाभर घरात हसणं चाललं होतं.

हे धनश्रीला आठवलं आणि तिचा बेत पक्का झाला. रोट खाल्ला की माणूस घरचा होतो, हे आईच्याच तोंडचं वाक्य. मग नीलम घरची का नको? शोभापेक्षा तर ती कितीतरी जवळची. सोमवारी बायका कानबाईला घेऊन तापीकडे गेल्या. धनश्री पोटात दुखतंय म्हणून मागे राहिली. तिने नीलमला बोलावून आणलं, फडक्यातला अर्धा रोट तिच्या हातावर ठेवला आणि म्हणाली, "खा."

"काय आहे?"

"रोट. कानबाईचा. फक्त घरच्यांना देतात. शोभाला पण चालत नाही, समजलं? तुला मी देतेय."

नीलम त्या तुकड्याकडे बघत राहिली. तिने एकदा धनश्रीच्या तोंडाकडे पाहिलं. धनश्रीचा चेहरा आनंदाने नुसता फुलला होता. नीलमने हात थोडा मागे घेतला, मग पुढे केला आणि हळूहळू, एकेक घास नीट चावून, सगळा रोट खाल्ला. तिचे डोळे भरून आले होते. धनश्रीला वाटलं, हिला गहिवरून आलं. तिलाही गहिवरून आलं. आपल्या हातून आज काहीतरी पुण्याचं झालं, असं समजून ती दिवसभर हवेत होती. हे सगळं झालं ओट्यावरच, कारण तेव्हाही "आत ये" म्हणायचं तिच्या लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुष्पाबाई ओटा झाडायला आल्या. भिंतीच्या कडेला मुंग्यांची रांग लागली होती आणि मुंग्या रोटाचा चुरा ओढून नेत होत्या.

"आठे रोट कोनी खादा?" त्यांनी आत येऊन विचारलं.

"नीलमनी," धनश्री म्हणाली. ती घाबरली नव्हती. आई हसेल, अशीच तिची समजूत होती.

पुष्पाबाई हसल्या नाहीत. त्यांच्या हातातला झाडू तसाच राहिला.

"शोभानी खादा तवय तू हासनी व्हती," धनश्री म्हणाली.

"शोभानी गोट येगळी शे."

"कशी येगळी?"

पुष्पाबाई वळून चुलीकडे गेल्या. त्यांनी उरलेले रोट एका फडक्यात बांधले, सोबतची खीर डब्यात ओतली, वाल्मिकला हाक मारली आणि सगळं नदीत सोडून यायला सांगितलं. मग बादली घेऊन ओटा धुतला, आणि धुताना त्या रडत होत्या. हे सांगितलंच पाहिजे, कारण पुष्पाबाई काही दुष्ट बाई नव्हत्या. नीलमला ताप आला होता तेव्हा त्यांनीच काढा पाठवला होता. त्यांना कानबाईची भीती वाटत होती, धुडकूंची वाटत होती, भाऊबंदांची तर फारच वाटत होती, आणि या सगळ्या भीतींच्या गर्दीत नीलमला उभं राहायला जागा नव्हती.

संध्याकाळी धुडकू पलसाण्याहून आले. भाऊबंदांतले दोघे काका आधीच येऊन बसले होते. रोट नदीत का गेले, हे त्यांना कळायलाच हवं होतं. धुडकूंनी हातपाय धुतले, खाटेवर बसले आणि लेकीकडे न बघता विचारलं, "तू दिन्हा का तिनी मांगा?"

धनश्रीने तोंड उघडलं. त्याच्या आतच पुष्पाबाई दारातून बोलल्या, "तिनीच मांगा व्हयी. आपली भोळी, देई टाका."

 आईने दोरी टाकली होती आणि आता ती नुसती धरायची होती. मी दिला म्हटलं तर काय होणार, हे धनश्रीला पक्कं ठाऊक होतं. चुलतबहीण छायाची शाळा याहून लहान कारणावरून बंद झाली होती आणि वर्षाच्या आत तिला शिरपूरला देऊन टाकली होती. मागितला म्हटलं तर नीलमचं काय जाणार होतं, नीलम तर या घरात येतच नव्हती. धनश्रीने मान हलवली. एकदाच, आणि तीही अर्धीच. पण भाऊबंदांना तेवढी पुरली.

मान हलवायला क्षण लागतो, आणि गल्लीला तर नुसतं तोंड पुरतं. दोन दिवसांत सगळीकडे झालं, की बाजीरावच्या पोरीने पाटलांकडे रोट मागून खाल्ला. नीलम शाळेत दुसऱ्या बाकावर जाऊन बसली. ती भांडली नाही, रडली नाही, तिने नुसतं दप्तर उचललं. गठ्ठ्यातल्या साड्यांचे धागे पुष्पाबाई शोभाला बसवून कापून घ्यायला लागल्या. शोभाच्या हातून पहिल्याच साडीला भोक पडलं, पण तिला कोणी बोललं नाही.

धनश्रीला जेवण जाईना. खोटं बोलण्याचं तिला एवढं वाटत नव्हतं, पोरं खोटं बोलतातच. पण "मागून खाल्ला" हे शब्द बायका ज्या सुरात म्हणायच्या, तो सूर तिला झोपू देत नव्हता. आणि नीलमवाचून दिवस मोठे झाले होते. आठवडाभराने शाळेतून परस्पर ती नीलमच्या घरी गेली. दारात उभी राहिल्यावर तिला कळलं, की आपण इथेही आत कधी आलेलो नाही.

शकूबाई चुलीशी होत्या. बाजीरावांची पाळी बदललेली असावी, ते घरीच होते, पेपर वाचत होते. नीलम कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसली होती. धनश्री उंबऱ्यातच बोलून मोकळी झाली, कारण आत जाऊन बोलायचा धीर राहिला नसता.

"काका, नीलमने रोट मागितला नव्हता. मी दिला. मी घरी खोटं बोलले."

बाजीरावांनी पेपराची घडी घातली. "आत ये," ते म्हणाले. "बस."

ती बसली. बाजीरावांनी पेपर बाजूला सारला. मग त्यांनी सावकाश सांगायला सुरुवात केली, आणि आवाज जराही न चढवता.

"माझा बाप गावात दारोदार भाकरी मागायचा. भिकारी नव्हता, गावकीचं काम करायचा, त्याचा मोबदला असा. टोपली घेऊन दारात उभं राहायचं आणि हाक मारायची. मी त्याच्याबरोबर जायचो. एक दिवस त्याने टोपली चुलीत घातली आणि म्हणाला, आजपासून आपल्यात कोणी मागून खाणार नाही. देवाचा प्रसाद तर नाहीच. आता आठ दिवस गल्लीत ऐकतोय, बाजीरावच्या पोरीने मागून खाल्लं. मी हिला विचारलं, मागितलंस? ही हो म्हणेना, नाही म्हणेना. तेव्हापासून मी हिच्याशी बोललेलो नाही."

 आईने जी दोरी टाकली होती, ती कुठे जाऊन आवळली हे आईलाही माहीत नव्हतं.

"तू सांगितलं का नाहीस गं?" तिने नीलमला विचारलं.

"बाबा तुमच्या दारात भांडायला आले असते," नीलम म्हणाली. "मग तुझी शाळा गेली असती."

शकूबाईंनी मधेच ताटली पुढे ठेवली. भाकरी होती आणि तव्यावर परतलेली सुकट. "खाशील ना? उपाशी दिसतेस," त्या म्हणाल्या.

धनश्रीचा हात थांबला. श्रावण होता. घरात महिनाभर मासळीचा वाससुद्धा चालत नसे, आणि तिलाही मनातून नको होतं. पण नको म्हणावं तर यांना काय वाटेल? पाटलांची पोर, आमच्या घरचं खात नाही. खावं तर श्रावण मोडतो. ती ताटलीकडे बघत राहिली, आणि बघता बघता तिला ओट्यावरची नीलम दिसली, हातात रोट घेऊन असंच बघत राहिलेली. तो गहिवर नव्हता. ती पोर अडकली होती, आणि आपण समोर उभं राहून हसत होतो.

"काकू, सुकट नको," ती कसंबसं म्हणाली. "श्रावण आहे. भाकरी चटणीशी द्या."

"मग सांगायचं ना," शकूबाई म्हणाल्या आणि त्यांनी ताटली बदलली.

धनश्रीने घास घेतला. नीलम तिच्याकडे बघत होती.

"तुला नको म्हणता आलं," नीलम म्हणाली. "मला नव्हतं म्हणता आलं. मी नको म्हटलं असतं तर तू म्हणाली असतीस, एवढं घरचं केलं तरी हिला किंमत नाही. आमच्या घरी चालतं का, हे तू विचारलंच नाहीस."

 धनश्रीने भाकरी संपवली. तिने तुकडा टाकला नाही. ती उठली तेव्हा बाजीराव म्हणाले, "इथे येऊन खरं बोललीस, बरं केलंस. पण खोटं जिथे बोललीस तिथे ते अजून तसंच आहे."

घरी सगळे जेवायला बसत होते. वाल्मिक पाणी घेत होता, पुष्पाबाई वाढत होत्या. धनश्री ताटावर बसली नाही. भिंतीला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "आबा, रोट मी दिन्हा व्हता. नीलमनी नही मांगा. मी उद्या दोन्ही काकासले जाईसन सांगसू. शाळा बंद करनी व्हयी ते करा."

पुष्पाबाईंच्या हातातली पळी भांड्यात पडली. धुडकूंनी मात्र वर पाहिलं नाही. त्यांनी भाकरी मोडली, वरणात बुडवली.

"माले माहीत व्हतं," ते म्हणाले.

धनश्रीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "काय माहीत व्हतं?"

"जी पोर इतला वरीसमा आपला घर पानी मांगत नही, ती रोट मांगी? तुन्ही मायले माहीत व्हतं. त्या दोन्हीसलेबी माहीत व्हतं."

"मंग बोलनात का नही?"

"तुन्हा करता," धुडकू म्हणाले. त्यांचा आवाज रागाचा नव्हता. त्यात मायाच होती, आणि थोडा थकवा.

ती आईकडे बघायला लागली. पुष्पाबाईंनी पदर तोंडाला लावला होता. म्हणजे त्या खोलीत कोणालाच काही कळायचं बाकी नव्हतं. सगळ्यांनी मिळून एका पोरीवर ओझं टाकलं होतं, कारण ती तिथे नव्हती, आणि ते ओझं धनश्रीच्या मायेपोटी टाकलं होतं. आईबापाची तिला आयुष्यात पहिल्यांदा लाज वाटली. माया मात्र तसूभरही कमी झाली नाही, आणि हेच तिला सगळ्यात जास्त लागलं.

"मी नीलमकडे जाते," ती म्हणाली. "तुम्हाला माहीत होतं, हे बाजीरावकाकांना सांगायला जाते."

घरात ती कधी अशी मराठीत बोलत नसे. तिने चपला पायांत सरकवल्या. तिला कोणी अडवलं नाही, आणि लवकर ये असंही कोणी म्हटलं नाही.